यंत्रासोबतचा कागद

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम २ मध्ये, ‘साहित्यकृती’ची व्याख्या आहे. १९८४ च्या दुरुस्तीपासून तीत संगणकाचा प्रोग्रामही बसतो. म्हणजे या अंकातल्या कथा-कवितांना कायद्याचे जे छत्र आहे, तेच एखाद्या पंपाच्या किंवा लेथच्या कंट्रोलरमधल्या प्रोग्रामला आहे. लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे. साहित्याच्या वाचकाला यात गंमत वाटेल. मला हे कळले तेव्हा मात्र गंमत वाटावी अशी परिस्थिती नव्हती.

मी तेव्हा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका मध्यम आकाराच्या कारखान्यात होतो. प्लास्टिक मोल्डिंगच्या यंत्रांना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवत असू. एका जर्मन गिऱ्हाइकाकडून पत्र आले. तुमच्या कंट्रोलरमध्ये असलेल्या सर्व ओपन सोर्स घटकांची यादी, प्रत्येकाचा परवाना, आणि जीपीएल परवान्याखालच्या घटकांचा सोर्स कोड पाठवावा. तोवर पुढची ऑर्डर थांबवली आहे. खरेदी विभागातले आमचे ज्येष्ठ सहकारी पत्र वाचून म्हणाले, “अहो, लिनक्स फुकट आहे ना? मग परवाना कसला मागतायत?” खोटे कशाला सांगू, माझाही प्रश्न तोच होता.

प्रोग्रामची दोन रूपे असतात. माणूस लिहितो, वाचतो, दुरुस्त करतो तो सोर्स कोड. त्याचे यंत्राला कळेल अशा आकड्यांत रूपांतर केले की जे तयार होते ते चिपमध्ये भरतात. दुसऱ्या रूपावरून पहिले जसेच्या तसे परत मिळवणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे ज्याच्याकडे फक्त दुसरे रूप आहे तो प्रोग्राम वापरू शकतो, पण बदलू शकत नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांचे भांडण नेमके याच्याशी होते. यंत्र माझे, पण त्यातला बिघाड दुरुस्त करण्याचा अधिकार माझा नाही, हे त्यांना मान्य नव्हते. १९८९ मध्ये त्यांनी जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, हा परवाना लिहिला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. त्यातली युक्ती अशी, की कॉपीराइट सोडून द्यायचा नाही. तो हातात ठेवायचा आणि त्याच्या जोरावर अट घालायची: हा प्रोग्राम वापरा, बदला, प्रती काढा, विका, पण दुसऱ्याला प्रत द्याल तेव्हा सोर्स कोडही द्या आणि हेच हक्क त्यालाही द्या. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले तेव्हा त्यांचा परवाना वेगळा होता; त्यात पैसे घ्यायला मनाई होती. पुढच्याच वर्षी त्यांनी जीपीएल स्वीकारले. तसे झाले नसते तर लिनक्स विक्रीच्या यंत्रांत शिरलेच नसते, असे मला वाटते.

तेव्हा ‘फुकट’ हा शब्द अर्धाच खरा. किंमत शून्य आहे, मालकी शून्य नाही. अट लागू होते ती प्रत दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा. कारखान्याने स्वतःच्या सर्व्हरवर लिनक्स चालवले, त्यात हवे ते फेरफार केले, तर कुणाला काही द्यावे लागत नाही. पण तेच लिनक्स कंट्रोलरमध्ये भरून कंट्रोलर ट्रकमध्ये चढवला, की कायद्याच्या भाषेत तुम्ही एका साहित्यकृतीच्या प्रती वाटल्या. आमच्या कारखान्यात सॉफ्टवेअर हा यंत्राचा एक सुटा भाग मानला जाई, बॉल बेअरिंगसारखा. बेअरिंग विकत घेतले की विषय संपतो. इथे तो तिथेच सुरू होतो.

हे सगळे कोर्टात टिकते का, याचे पहिले ठळक उत्तर म्युनिकमध्ये मिळाले. हाराल्ड वेल्टे हे लिनक्समधल्या नेटफिल्टर या भागाच्या लेखकांपैकी एक. ‘सिटकॉम’ या कंपनीची जर्मन शाखा जे राउटर विकत होती त्यांत नेटफिल्टर होते. ना परवान्याची प्रत, ना सोर्स कोड. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने विक्रीला मनाई केली आणि १९ मे रोजी ती कायम केली. त्यातला तर्क मला फार आवडतो. परवाना वैध असेल तर त्याच्या अटी मोडल्यामुळे परवानगी आपोआप संपली. आणि परवाना अवैध असेल, तर मग परवानगी कधी मिळालीच नव्हती. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. २००६ मध्ये ‘डी-लिंक’ने फ्रँकफर्टच्या न्यायालयात जीपीएल बंधनकारकच नाही, ते स्पर्धा कायद्याच्या विरोधात आहे, असा बचाव घेतला. त्याचीही तीच गत झाली. वकिलाची फी तर लागलीच, शिवाय वेल्टे यांनी तपासणीसाठी विकत घेतलेल्या यंत्राचे पैसेही भरावे लागले.

अमेरिकेतला प्रश्न निराळा होता. अट मोडणे हा फक्त करारभंग की कॉपीराइटचा भंग? करारभंग असेल तर नुकसान सिद्ध करावे लागते, आणि फुकट दिलेल्या वस्तूचे नुकसान मोजायचे कसे? याचा निकाल लागला तो खेळण्यातल्या आगगाड्यांमुळे. रॉबर्ट जेकबसन या भौतिकशास्त्रज्ञाने मॉडेल रेल्वे चालवणारे सॉफ्टवेअर ओपन सोर्स म्हणून प्रसिद्ध केले होते. एका स्पर्धक कंपनीने त्यातला भाग उचलला आणि लेखकांची नावे, कॉपीराइटच्या ओळी गाळल्या. १३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितले, की या नुसत्या सूचना नाहीत, परवानगीच्या अटी आहेत. त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होतो. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा आर्थिक स्वार्थ नाही असे होत नाही, हेही त्यात आले. लहान मुलांच्या गाड्यांवरचा हा निकाल मोठमोठ्या कारखान्यांचे वकील आज आधाराला घेतात.

आमची अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. लिनक्स आम्ही भरलेलेच नव्हते. आम्ही तयार बोर्ड विकत घेत होतो, ते परदेशातल्या एका पुरवठादाराकडून येत, आणि लिनक्स त्यात आधीच असे. आमच्या अभियंत्यांनी त्यावर आमचा प्रोग्राम चढवला, एवढेच. पुरवठादाराला विचारले तर तो म्हणाला, चिपवाल्यांना विचारा. चिपवाले म्हणाले, आम्ही फक्त आमच्या थेट गिऱ्हाइकाला देतो.

या साखळीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ‘लिंकसिस’च्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरचे. २००३ मध्ये ‘सिस्को’ने सुमारे ५० कोटी डॉलरला लिंकसिस घेतली. त्याच सुमारास काही लिनक्स जाणकारांच्या लक्षात आले की या राउटरच्या पोटात लिनक्स आहे आणि सोर्स कोड कुठेच नाही. चिप ‘ब्रॉडकॉम’ची होती, आणि सॉफ्टवेअर त्याहून पुढे, तैवानच्या एका कंपनीने तयार केले होते. सिस्कोने विकत घेतलेल्या कंपनीने विकत घेतलेल्या चिपबरोबर आलेले, तिसऱ्यानेच लिहिलेले सॉफ्टवेअर! पण खोक्यावर नाव लिंकसिसचे, म्हणून जाब तिला विचारला गेला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला, आणि त्याच वर्षी कोड बाहेर आला. तो घेऊन हौशी लोकांनी २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ सुरू केले. नावात त्या राउटरची आठवण आहे. इतर उत्पादनांबाबत कुरबुरी चालूच राहिल्या. डिसेंबर २००८ मध्ये फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९ मध्ये तडजोड झाली: लिंकसिससाठी खास अधिकारी नेमायचा, जुन्या गिऱ्हाइकांना त्यांचे हक्क कळवायचे, फाउंडेशनला देणगी द्यायची.

नुसते विकणाराही सुटत नाही. ‘स्काइप’ने ‘एसएमसी’ कंपनीचा एक वायरलेस फोन आपल्या संकेतस्थळावरून विकला. खोक्यात एक चिठ्ठी होती: सोर्स कोड अमुक पत्त्यावर इंटरनेटवर आहे. वेल्टे यांनी पुन्हा म्युनिक गाठले. २००७ मध्ये न्यायालय म्हणाले, हे पुरेसे नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत वस्तू हातात देताना दोनच मुख्य पर्याय आहेत. एक, सोर्स कोड वस्तूसोबत द्यायचा. दोन, सोबत लेखी हमी द्यायची, की निदान तीन वर्षे जो कोणी मागेल त्याला, मग तो आमचा गिऱ्हाईक असो वा नसो, प्रत पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त न घेता कोड देऊ. शिवाय परवान्याचा मजकूर हवाच. स्काइपने अपील केले आणि २००८ मध्ये ते मागे घेतले.

आमच्या साहेबांना या सगळ्यापेक्षा एकच भीती होती: “म्हणजे आपला मोल्डिंगचा लॉजिक पण जगाला दाखवायचा?” वीस वर्षांच्या अनुभवातून बांधलेला तो प्रोग्राम हीच कंपनीची खरी पुंजी होती. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे असते. लिनक्सच्या परवान्याच्या वरच एक टीप आहे: जे प्रोग्राम नेहमीच्या मार्गाने लिनक्सची सेवा घेतात ते त्याचे ‘साधित’ काम मानायचे नाही. पण लिनक्सच्या गाभ्यातच शिरणारा ड्रायव्हर लिहिला, किंवा जीपीएलची लायब्ररी आपल्या प्रोग्रामात मिसळून एकच फाइल केली, तर ‘नाही’ म्हणणे अवघड. आमच्या लोकांनी घाईत अशी एक लायब्ररी मिसळली होती. ती काढून दुसरी घालायला सहा आठवडे लागले.

तिच्या जागी घातलेली लायब्ररी एलजीपीएलखालची होती. हा सौम्य परवाना. आपला प्रोग्राम झाकून ठेवता येतो. पण गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलून पाहता आली पाहिजे आणि त्यासाठी रिव्हर्स इंजिनिअरिंगची मुभा दिली पाहिजे. आणि आमच्या विक्री-करारात, कुठून तरी उतरवलेल्या कलमात, ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई’ असे ठळक छापलेले! एकाच खोक्यात एकमेकांना खोटे पाडणारे दोन कागद आम्ही कित्येक वर्षे पाठवत होतो. पडद्यावरची मराठी अक्षरे ‘मुक्त’ या फाँटची होती. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला हा फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहे. नुसता सुटा फाँट विकायचा नाही आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा, एवढेच त्याचे मागणे. तेही आम्ही पुरे केले नव्हते.

यंत्र बनवणाऱ्यांनी २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीकडे वेगळे पाहावे. ‘टिवो’ या टीव्ही रेकॉर्डरचा कोड मिळे, पण बदललेला कोड ते यंत्र चालूच देत नसे. त्यावर उतारा म्हणून तिसऱ्या आवृत्तीने अट घातली, की बदललेला प्रोग्राम यंत्रात भरण्यासाठी लागणारी माहिती आणि चाव्याही द्या. मात्र ही अट ग्राहकोपयोगी वस्तूंना आहे. ज्या यंत्राचा खरा उपयोग फक्त कारखान्यातच आहे त्याला नाही. दोनशे टनांच्या प्रेसचे सुरक्षेचे लॉजिक कुणी हौसेने बदलू नये, हे मला पटते. पण बंद पडलेल्या कंपनीचे यंत्र घेऊन बसलेल्या लघुउद्योजकाने काय करायचे, हा प्रश्न त्या सवलतीने तसाच सोडला. लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर आहे.

आपल्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे परवाना लेखी हवा. पूर्वी त्यावर सहीही लागे. २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट गेली, आणि अनोळखी माणसाने जगासाठी लिहून ठेवलेल्या अशा परवान्यांची वाट सोपी झाली. उल्लंघन झाल्यास कलम ५५ खाली मनाई हुकूम मिळतो. कॉपीराइट आहे हे माहीत नव्हते आणि तशी शंका यायला कारणही नव्हते, हे सिद्ध केले तरी मनाई आणि नफ्यातला वाटा टळत नाही. लिनक्स सुरू होताना ज्यावर कॉपीराइटच्या ओळी झळकतात, ते विकणाऱ्याने ‘कल्पना नव्हती’ म्हणणे कठीणच.

आमचे प्रकरण चार महिने चालले. शेवटी पुरवठादाराने कोड दिला, तोही पुढची पाच हजार बोर्डांची ऑर्डर अडवल्यावर. तो बांधून पाहिला तर चालेना. बोर्डात भरलेली आवृत्ती निराळीच होती. पुन्हा पत्रव्यवहार. जीपीएल नुसत्या फायली मागत नाही, त्या जोडून भरण्याच्या स्क्रिप्टही मागते, याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला. त्यानंतर खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक कलम आले: बोर्डासोबत सोर्स कोड आणि घटकांची यादी, नाहीतर बिल थांबेल. युरोपात माल पाठवणाऱ्यांना अशी यादी आता टळणार नाही. तिथल्या सायबर रेझिलिअन्स कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात.

आणि प्रत्येक कंट्रोलरच्या खोक्यात, वॉरंटी कार्डाच्या मागे, एक घडीचा कागद जाऊ लागला. तीन वर्षांची लेखी हमी, मराठीत आणि इंग्रजीत. दोन वर्षांत त्यावर एकच मागणी आली. सिन्नरच्या एका वर्कशॉपवाल्याने जुने यंत्र भंगारातून घेतले होते आणि त्याला कंट्रोलरचे नेटवर्क चालत नव्हते. तो आमचा गिऱ्हाईक नव्हता. साहेबांनी पत्र दोनदा वाचले आणि माझ्याकडे सरकवले. आम्ही पेन ड्राइव्ह पाठवला. पेन ड्राइव्हचे आणि कुरिअरचे मिळून चारशे दहा रुपये त्याच्याकडून घेतले. हिशेबनिसाने पाचशेचे बिल केले होते, ते फाडून नवीन करायला लावले.