विश्लेषण : विमान कंपनीत वैमानिक आणि प्रादेशिक सेनेत अधिकारी… दोन्ही जमते का?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि कर्जत-खालापूर पट्ट्यातील मुलांना वैमानिकाची नोकरी एकदम हाकेच्या अंतरावर आल्यासारखी वाटू लागली. बालदिगंबर गणपतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कडावहून कर्जत, चौकमार्गे पनवेल गाठले की विमानतळ फार दूर राहत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, केंद्राने प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले आणि ‘नोकरी सांभाळून गणवेश’ या वाटेची चर्चा सुरू झाली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतील का? कायदा नाही म्हणत नाही. अडचण आहे ती कॅलेंडरची.

प्रादेशिक सेना म्हणजे काय?

टेरिटोरियल आर्मी अर्थात प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नागरी व्यवसायात असलेल्या माणसाने वर्षातील काही काळ लष्कराला द्यायचा आणि गरज पडली की पूर्णवेळ हजर व्हायचे, ही तिची कल्पना. अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचा रोजगार हवा. लेखी परीक्षा, मुलाखत, त्यानंतर सेवा निवड मंडळ आणि वैद्यकीय तपासणी अशी ही चाळणी आहे. महाराष्ट्रात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या दोन बटालियन आहेत. १०१ वी पुण्यात आणि १०९ वी कोल्हापुरात.

महेंद्रसिंह धोनी याला २०११ मध्ये मिळालेले लेफ्टनंट कर्नलपद मानद होते. सचिन पायलट (ते आडनावाने पायलट, व्यवसायाने राजकारणी) आणि अनुराग ठाकूर हे मात्र निवड प्रक्रियेतून गेलेले अधिकारी. सामान्य अर्जदाराची वाट ही दुसरी.

साठ दिवस कुठून आणायचे?

अधिकाऱ्याला दरवर्षी साधारण दोन महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. शिवाय पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे प्रशिक्षण वेगळे. बँकेतल्या किंवा सरकारी कार्यालयातल्या माणसासाठी हा प्रश्न रजेचा असतो. वैमानिकासाठी तो परवान्याचा होतो.

समजा, कडावचा एक तरुण एखाद्या विमान कंपनीत सहवैमानिक आहे. प्रवासी विमान चालवायचे तर मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. दोन महिन्यांचे शिबिर या मुदतीत बसते, पण शिबिराआधी महिनाभर तो एखाद्या कारणाने उडालेला नसेल तर बसत नाही. तीन महिन्यांचे प्रशिक्षण तर ही मुदत जवळपास पूर्णच खाऊन टाकते. मग परतल्यावर आधी सिम्युलेटर, नंतर विमान. सिम्युलेटरचे तास मोजके आणि महाग असतात, त्यासाठी रांग असते. त्यात दर सहा महिन्यांनी प्रावीण्य चाचणी आणि ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी. यातली एखादी तारीख शिबिराच्या काळात आली तर ती आधीच उरकून घ्यावी लागते. चुकली तर विमानात पाय ठेवता येत नाही.

पैशांचे गणितही सरळ नाही. शिबिराच्या काळात नियमित सैन्यातील त्याच हुद्द्याइतके वेतन-भत्ते मिळतात. लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. विमान कंपनीतील पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. जो उडाला नाही त्याचे तास नाहीत. आणि तास केवळ पैसे नसतात. कॅप्टन होण्याची पात्रता त्यांवरच मोजली जाते. बरोबरीचे सहकारी डाव्या खुर्चीत बसतात तेव्हा हा काही शे तासांनी मागे असतो.

विमान कंपन्या का कचरतात?

एका वैमानिकाने दोन महिने नसण्याने काय बिघडते, असे वाटू शकते. डिसेंबर २०२५ मध्ये ते देशाने पाहिले. डीजीसीएच्या नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. इंडिगोकडे या नियमांत बसतील इतके वैमानिक नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले आणि अखेर कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सवलत द्यावी लागली. मनुष्यबळ इतके काटेकोर मोजून चालणाऱ्या व्यवसायात दोन महिन्यांची रजा मागणारा माणूस रोस्टर विभागाला नकोसाच वाटणार.

सरकारलाही वैमानिकाची गैरहजेरी खटकते. २०१७ मध्ये डीजीसीएने नोकरी सोडू पाहणाऱ्या कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना बंधनकारक केली, ती याच कारणाने.

याच गोंधळात आणखी एक गोष्ट घडली. तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. वैमानिकाची रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजता येणार नाही, अशी नव्या नियमांतील सूचना होती. ती ५ डिसेंबरला मागे घेण्यात आली. प्रादेशिक सेनेतील वैमानिकासाठी हा बदल साधा नाही. कंपनीच्या कागदावर शिबिर म्हणजे रजा. प्रत्यक्षात तिथे पहाटेची कवायत, रात्रीची गस्त, तंबूतली झोप. शिबिर संपवून रविवारी घरी आलेला माणूस कागदोपत्री ‘विश्रांती घेतलेला’ ठरू शकतो आणि सोमवारी त्याच्या मागे १८० प्रवासी बसलेले असू शकतात. थकवा असेल तर उड्डाण नाकारण्याची जबाबदारी वैमानिकाचीही असते. पण आधीच दोन महिने सुट्टी घेतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तसे कळवणे किती अवघड आहे, हे कोणत्याही नोकरदाराला सांगायला नको.

बोलावणे आले तर नोकरीचे काय?

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या व्यक्तीला सेवा संपल्यावर पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर परत घेणे, हे प्रादेशिक सेना कायद्यातील कलम ७-अ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. भविष्य निर्वाह निधीचे हक्कही जपले जातात. मालकाने टाळाटाळ केली तर पुन्हा कामावर घेण्याचा किंवा भरपाईचा आदेश होऊ शकतो, पण भरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांच्या वेतनाइतकी आहे. १९४८ च्या कारकुनासाठी ही रक्कम धाक घालणारी असेल. मोठ्या विमान कंपनीसाठी ती किरकोळ आहे. आणि ज्येष्ठता यादीतील क्रमांक, सिम्युलेटरचा खर्च, हुकलेली बढती यांचा या कायद्यात उल्लेख नाही. तो लिहिला गेला तेव्हा हे प्रश्नच नव्हते.

बोलावणे किती काळाचे असू शकते, याचा अंदाज ६ मे २०२५ च्या आदेशावरून येतो. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करण्यास त्यात मंजुरी होती आणि आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांची. प्रत्येक अधिकाऱ्याला तीन वर्षे जावे लागेल असे नाही. मात्र दीर्घ सेवेनंतर विमानात परतणे म्हणजे जवळपास नव्याने सुरुवात.

वैमानिकाच्या हाती रायफलच का?

खरा विरोधाभास इथे आहे. प्रादेशिक सेनेत निवड झालेला वैमानिक पायदळाच्या बटालियनमध्ये जातो. त्याचे उड्डाणाचे कौशल्य लष्कराच्या कामी येत नाही. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रादेशिक सेनेत त्यांच्या कामाशी जुळणाऱ्या तुकड्या निघाल्या. नागरी वैमानिकांच्या वाट्याला तसे काही आले नाही.

पूर्वी तसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात नागरी वैमानिकांची भरती झाली आणि किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक मुंबईत होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य पोहोचवताना हवाई दलाबरोबर खासगी कंपन्यांची डकोटा विमाने आणि त्यांचे नागरी वैमानिकही उडाले. त्या अनुभवानंतर १९५२ मध्ये राखीव व सहायक हवाई दल कायदा आला. सहायक हवाई दलाच्या तुकड्या शहरोशहरी निघाल्या, मुंबईतही निघाली. आठवडाभर स्वतःचा व्यवसाय आणि सुट्टीत उड्डाण अशी ती योजना होती. साठच्या दशकात ती मागे पडली.

अमेरिकेत हीच वाट रुळलेली आहे. तिथे नॅशनल गार्डचा वैमानिक महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून १५ दिवस लष्करी विमान चालवतो, उरलेला काळ प्रवासी विमान. १९९४ च्या कायद्यानुसार एकूण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी सेवेनंतर नोकरी परत मिळते, तीही मधल्या काळात मिळाली असती त्या ज्येष्ठतेसह. तरीही भांडणे संपलेली नाहीत. आजारपण किंवा ज्युरीच्या कामासाठी भरपगारी रजा देता, मग थोड्या दिवसांच्या लष्करी सेवेसाठी का नाही, असे म्हणत वैमानिकांनी युनायटेड आणि अलास्का एअरलाइन्सला न्यायालयात खेचले. २०२१ आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयांनी हे दावे फेटाळता येणार नाहीत, असे सांगितले.

अर्ज करण्यापूर्वी काय विचारावे?

कडावच्या त्या तरुणाने परीक्षेच्या पुस्तकाआधी स्वतःचा नोकरीचा करार उघडावा. प्रशिक्षणासाठी कंपनीने घेतलेल्या बाँडची मुदत लष्करी रजेने वाढते का, परतल्यावर सिम्युलेटरचा खर्च कोण करणार, ज्येष्ठता गोठते की चालू राहते, शिबिरानंतर पहिल्या उड्डाणापूर्वी किती दिवस मोकळे मिळतील, ही उत्तरे त्याने लेखी घ्यावीत. कंपनी ना हरकत देत असेल तर तीही लेखीच. बटालियनकडून शिबिराच्या तारखा जितक्या लवकर मिळतील तितके प्रावीण्य चाचणीचे नियोजन सोपे. सहवैमानिकाने पहिल्याच वर्षी अर्ज करावा की कॅप्टन झाल्यावर, हाही प्रश्न आहे. कॅप्टनपद येईपर्यंत तिशी उलटलेली असते, पण ४२ ची मर्यादा पाहता त्यानंतरही काही वर्षे हातात राहतात.