चुरणीच्या दिवसांतलं नाक

पहाटे 5 : कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांची घरघर रात्रभर चालूच असते. मी पाणी खळखळ उकळून झाकून ठेवतो. धाकट्या भावाचं नाक धुवायला नळाचं कच्चं पाणी चालत नाही. अंगणात शेणसडा बंद आहे. धान घरात यायच्या दिवसांत सडा नाही, हे आईला अजून पटत नाही.

7 : धाकटा खिडकीशी मान वर करून बसतो, मी टॉर्च मारतो. एकाच बाजूला काळी खपली? टाळूवर डाग? गाल बधिर? डोळ्याखाली सूज? रोज हेच चार प्रश्न.

त्याला रक्ताचा कॅन्सर होता. सख्ख्या भावंडाच्या मूळ पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, माझ्या जुळल्या, त्या त्याला दिल्या. शंभर दिवस मुंबईत काढून आम्ही घरी आलो. आता माझ्याच पेशी त्याच्या कातडीशी भांडतात, म्हणून स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस. त्याने भांडण दबतं, पण शरीराचा पहाराही ढिला पडतो. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजकण तणसात, कोंड्यात, खतात असतातच. आपण सगळेच ते रोज हुंगतो. त्याच्या सायनसमध्ये ते रुजले तर बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, डोळा आणि मेंदूपर्यंत जाते. 2021 मध्ये म्युकर या बुरशीने हीच वाट धरली होती. वर स्टेरॉइड तापही झाकून टाकतं. आजार गाजावाजा करत नाही, म्हणून टॉर्च.

8 : नाश्ता, मग पोसॅकोनाझोल ही बुरशीविरोधी गोळी, उपाशीपोटी ती नीट भिनत नाही. तिच्यामुळे टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण चढतं, म्हणून आपल्या मनाने कुठलीच गोळी बंद करायची नाही.

10 ते 2 : बांधीत चुरणी, म्हणजे धानाची मळणी. पुंजणं फोडलं की धुरळ्याने मशीनसुद्धा दिसेनाशी होते. घरी आल्यावर मी मागच्या न्हाणीत आंघोळ करतो, कपडे तिथेच भिजवतो, मगच उंबरा ओलांडतो.

4 : "दादा, उजवा गाल जड वाटतो." शेजारचे काका म्हणाले, "सर्दीच हाय, वाफ द्या." मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "वाट पाहू नका, आजच सीटी स्कॅन करा." साकोलीमार्गे नागपूर. धाकट्याला एन-95 मास्क, खिडक्या बंद, फाईल मांडीवर.

रात्री 8 : स्कॅनमध्ये उजव्या सायनसचं अस्तर सुजलेलं, हाड शाबूत. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि बधिर न करताच आतल्या अस्तराला सळईने हलकं टोचलं. मेलेल्या भागाला कळ येत नाही, रक्तही येत नाही.

"आई गं!" धाकटा ओरडला. लाल थेंब दिसला तशा डॉक्टरीणबाई हसल्या. "ओरड बाबा, अजून ओरड." तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत वॉर्डात राहायचं होतं. मी सकाळच्या गोळीआधी त्याला खायला काय मिळतं ते बघायला खाली उतरलो.