'अँक्शस' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ व उपयोजन : अस्वस्थता आणि आतुरता

प्रस्तावना :
एका इंग्रजी शब्दाला एक मराठी प्रतिशब्द, या रीतीने शब्दार्थ पाठ करण्याची सवय पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांमध्येही आढळते. वस्तुवाचक नामांच्या बाबतीत ही रीत बऱ्याच अंशी निभावते. मनोवस्था व्यक्त करणाऱ्या विशेषणांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. 'अँक्शस' हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'चिंताग्रस्त' एवढाच अर्थ ठाऊक असलेला विद्यार्थी 'शी इज अँक्शस टु हेल्प' या वाक्याचे 'ती मदत करण्यास चिंताग्रस्त आहे' असे भाषांतर करतो. वास्तविक, ती मदतीसाठी आतुर आहे, असे वाक्य सांगते. प्रस्तुत लेखात या विशेषणाच्या दोन्ही अर्थच्छटांचा व त्यांच्या अध्यापनाचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती व अर्थविकास :
लॅटिनमधील 'अँक्सिउस' या विशेषणापासून हा शब्द आला. त्याच्या मुळाशी 'आवळणे, गळा दाबणे' या अर्थाचा 'अँगेरे' हा धातू आहे. इंग्रजी 'अँग्विश' आणि जर्मन 'आंग्स्ट' हे शब्द याच कुळातील. ऋग्वेदातील 'अंहस्' म्हणजे संकट, कोंडी. तौलनिक भाषाशास्त्र त्याचेही नाते याच मुळाशी जोडते. जीव कोंडणे हा शारीरिक अनुभवच येथे मनाच्या अवस्थेचे नाव झाला आहे.

इंग्रजीत हे विशेषण सतराव्या शतकात 'चिंतित' या अर्थाने रूढ झाले. अठराव्या शतकात त्याला 'उत्कट इच्छा असलेला' ही छटा लाभली. विसाव्या शतकात काही शैलीमार्गदर्शकांनी या दुसऱ्या अर्थावर आक्षेप घेतला; तथापि आजचे प्रमुख कोश दोन्ही अर्थ नोंदवितात.

उपयोजन :
कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे बहुधा पुढील रचनेवरून ठरते.

१) पुढे 'अबाउट' आल्यास अर्थ चिंतेचा असतो. 'अँक्शस अबाउट द रिझल्ट' म्हणजे निकालाची धास्ती असलेला.
२) पुढे 'टु' व क्रियापद आल्यास इच्छा प्रधान असते, मात्र 'हे साधेल ना?' अशी हुरहुरही तिच्यात बऱ्याचदा मिसळलेली असते.
३) 'फॉर' दोन्हीकडे चालते. 'अँक्शस फॉर न्यूज' येथे वार्तेची ओढ आहे, तर 'अँक्शस फॉर हिज सेफ्टी' येथे त्याच्या सुरक्षिततेची काळजी. निर्णय संदर्भानेच करावा लागतो.
४) पुढे 'दॅट' व उपवाक्य आल्यास एखादी गोष्ट घडावी, किंवा घडू नये, अशी कळकळ व्यक्त होते.
५) 'अँक्शस वेट' यासारख्या प्रयोगात विशेषण व्यक्तीचे न राहता प्रतीक्षेचे होते. मराठीतील 'काळजीची रात्र' याच जातीची.
६) पुढे काहीही न येता 'आय अ‍ॅम अँक्शस' एवढेच वाक्य असल्यास सामान्यतः अस्वस्थताच समजावी.

नामाच्या बाबतीत उच्चारही बदलतो. विशेषणात 'क्श' ऐकू येतो, तर 'अँग्झायटी' या नामात 'झ'.

मराठीतील समांतर उदाहरणे :
हा दुहेरी अर्थ मराठी भाषकाला परका वाटू नये. आयुर्वेदीय ग्रंथांत 'आतुर' म्हणजे रुग्ण, पीडित. 'चिंतातुर' या समासात ती पीडा टिकून आहे; 'भेटीस आतुर' म्हणताना मात्र आपल्याला केवळ ओढ जाणवते. 'उत्कंठा' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते, तेव्हा कण्वमुनींच्या तोंडी हा शब्द व्याकूळतेच्या अर्थाने येतो. आजच्या मराठीत आपण सामन्याच्या निकालाची उत्कंठा म्हणतो. शिवाय 'उत्कंठा' शब्दात कंठ आहे आणि 'अँक्शस'च्या मुळाशी आवळलेला गळा! दोहोंत व्युत्पत्तीचे नाते नाही. मात्र अनुभवाचे साम्य लक्षणीय आहे.

अध्यापनविषयक विचार :
हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांपुरता मर्यादित नाही. नोकरीच्या अर्जात 'आय अ‍ॅम अँक्शस टु जॉइन' असे लिहिणे व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले, तरी त्यात वाचकाला अधीरतेचा सूर लागू शकतो. निखळ उत्साह सांगायचा असल्यास 'ईगर' किंवा 'कीन' अधिक उचित. उलटपक्षी, एखादा विद्यार्थी 'आय अ‍ॅम अँक्शस' असे लिहून देतो, तेव्हा त्याचा अर्थ 'उत्सुक' असा लावला गेला, तर मदतीची हाक ऐकूच येणार नाही. त्याच वेळी हे विशेषण म्हणजे रोगनिदान नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या १९८० मधील निदानपुस्तिकेने 'अँग्झायटी डिसऑर्डर्स' असा स्वतंत्र वर्ग केला. त्यामुळे नामाला वैद्यकीय वजन आहे. परीक्षेपूर्वीची साधी धास्ती मात्र विशेषणाने सांगता येते. अशा विद्यार्थ्याला प्रथम 'कशाबद्दल?' असे विचारणे श्रेयस्कर. उत्तर मिळाल्यास 'अबाउट'पुढील जागा भरते. न मिळाल्यास समुपदेशकाकडे नेण्याचा विचार करता येतो.

समारोप :
सारांश, 'अँक्शस' हा शब्द सुटा न शिकविता 'अबाउट', 'टु', 'फॉर', 'दॅट' या जोडीदारांसह शिकवावा आणि 'चिंतातुर' व 'आतुर' हे दोन्ही प्रतिशब्द फळ्यावर शेजारी लिहावेत. चिंता आणि ओढ या दोन्ही अवस्थांत मन अद्याप न घडलेल्या गोष्टीकडे लागलेले असते, हे त्यातून विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.