सुईदोऱ्याचा वर्षसंकल्प

वर्षप्रतिपदेस संकल्प सोडण्याची आपणांकडे हौस फार. 'यंदा बारा महिन्यांत बारा नग' असें भरतकामाची आवड असलेल्या भगिनी ठरवितात, आणि ज्येष्ठ सरतो न सरतो तोंच छंदाचें ओझें होऊन बसतें. आमच्या मतें संकल्प वस्तूंचा न करतां टांक्यांचा करावा.

धारवाडकडील कशिदा, ज्यास कसूती म्हणतात, तो यास फार सोईचा. त्यांत मुख्य टांके चारच : गवंती, मुरगी, नेगी व मेंथी. गवंती म्हणजे दुहेरी धांवदोरा. जातांना सोडलेल्या जागा परततांना भरावयाच्या, म्हणजे कापडाच्या दोन्ही अंगांस नक्षी सारखीच उमटते. मुरगी तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांनीं चढणारी. नेगी विणकामासारखी दिसते; मेंथी म्हणजे फुल्यांचा भरणा. गांठ मारावयाची नाहीं, आणि नक्षी छापून न घेतां धागे मोजून काढावयाची. सबब दिवसाउजेडीं अर्धा तास पुरे. (रात्रीं दिव्याशीं डोळे फोडण्यांत पुरुषार्थ नाहीं!)

श्रावण-भाद्रपद सणावारांचे, ते आरंभींच हिशेबांतून वगळावे. उरलेल्या दहा महिन्यांत प्रत्येक टांक्यास अडीच महिने येतात. तेवढ्या अवधींत रुमालाच्या कोपऱ्यांत गवंतीचें एक कमळ उतरलें तरी पुष्कळ झालें. इरकली लुगड्यांवरील गोपुरें, रथ, हत्ती मागाहून पाहतां येतील. घरांत सासू, सून, नात अशा तिघी असल्यास एकच पट्टा तिघींनीं मिळून भरावा. कोणाचा हात कोठें थांबला, हें त्यावर आपोआप दिसतें, आणि पुढील पाडव्यास तेथूनच सुई घालतां येते.