हंटिंग्टनचा विकार आणि दूरध्वनीवरील सल्लागार

इंग्लंडमधील एखाद्या गावातून एक तरुणी दूरध्वनी करते आणि पलीकडील सल्लागार स्त्रीला विचारते, "माझ्या आजोबांना जो आजार झाला होता, तो मलाही होईल काय?" प्रश्न एका वाक्याचा आहे, आणि रक्ताचा लहानसा नमुना तपासून त्याचे उत्तर बहुधा निश्चितपणे देता येते. तरीही सल्लागार चाचणीचा पत्ता सांगून मोकळी होत नाही. ती आधी विचारते, "तुमच्या वडिलांनी ही चाचणी करून घेतली आहे काय?" या प्रतिप्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी प्रथम त्या आजाराची ओळख करून घेतली पाहिजे.

विकाराचे स्वरूप

1872 साली अमेरिकेतील जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या 22 वर्षांच्या वैद्याने एका विकाराचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे वडील व आजोबा हेही लाँग आयलंड येथे वैद्यकी करीत असत. त्यामुळे एकाच घराण्यातील अनेक पिढ्यांची माहिती त्याला उपलब्ध झाली होती. आईला किंवा वडिलांना हा विकार असेल तर तो मुलांत उतरू शकतो. परंतु जो त्यातून सुटला, त्याच्या वंशात तो पुन्हा उद्भवत नाही, हे त्याने ओळखले. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम शास्त्रज्ञांच्या लक्षात 1900 साली आले, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

हा विकार बहुधा वयाच्या 30 ते 50 वर्षांच्या दरम्यान प्रकट होतो. मेंदूच्या खोल भागातील चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. हातापायांना अनावर झटके येतात, तोल जातो, पुढे बोलणे व गिळणेही कठीण होते. त्याचबरोबर विचार मंदावतो, स्वभाव चिडचिडा होतो किंवा मन खिन्न राहते. पुष्कळदा ही मानसिक लक्षणेच आधी दिसू लागतात. विकार सुमारे 15 ते 20 वर्षे वाढत जातो. झटके व खिन्नता यांवर औषधे आहेत. पण विकार समूळ नाहीसा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही.

जनुकातील दोष

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यांपैकी चौथ्या जोडीत या विकाराशी संबंधित जनुक असते. 1983 साली त्याचे स्थान कळले आणि 1993 साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी या विकाराने ग्रासलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांचा या शोधास फार मोठा उपयोग झाला.

जनुकाची लिपी चार अक्षरांची असते. या जनुकात सी, ए, जी ही तीन अक्षरे एकापुढे एक अशी पुनःपुन्हा येतात. ही आवर्तने 26 पर्यंत असली तर काही बाधा नाही. 27 ते 35 आवर्तने असलेल्यास स्वतःला विकार होत नाही. मात्र पुढील पिढीत ती क्वचित वाढू शकतात. 36 ते 39 असता विकार होईल किंवा होणारही नाही; 40 किंवा अधिक असता, पुरेसे आयुष्य लाभल्यास तो होतोच.

आई किंवा वडील यांपैकी एकाच्या जोडीतील एक जनुक सदोष असेल, तर प्रत्येक अपत्यास ते मिळण्याचा संभव निम्मा असतो. नाणे उडविताना पहिल्या खेपेस छाप पडली म्हणून दुसऱ्या खेपेस काटाच पडेल, असे नसते. त्याचप्रमाणे थोरला भाऊ सुटला म्हणून धाकट्याचा धोका वाढत नाही. चेहरा आजारी वडिलांसारखा आहे म्हणून आजारही येणार, ही समजूतही निराधार आहे. अशा समजुती दूर करणे हे सल्लागारांचे एक नित्याचे काम होय.

एकीचे उत्तर, दुसऱ्याचे भवितव्य

आता त्या तरुणीकडे वळू. आजोबांना विकार होता. वडील आज निरोगी दिसतात आणि त्यांनी चाचणी केलेली नाही. अशा स्थितीत वडिलांना सदोष जनुक मिळाल्याचा संभव निम्मा आणि मुलीला मिळाल्याचा एकचतुर्थांश. तिच्या चाचणीत दोष आढळला, तर तो वडिलांकडूनच आला असला पाहिजे. म्हणजे मुलीने स्वतःसाठी विचारलेल्या प्रश्नाने वडिलांचेही भवितव्य उघड होते, आणि वडिलांना तर ते जाणून घ्यायचे नसेल! मुलीला जाणण्याचा हक्क आहे, वडिलांना न जाणण्याचा हक्क आहे; आणि हे दोन्ही हक्क एकाच घरात समोरासमोर उभे ठाकतात.

येथे सल्लागार निर्णय देत नाही. वडिलांशी याविषयी बोलणे झाले आहे काय, उत्तर आजच हवे असण्याचे कारण कोणते, विवाह वा अपत्य यांचा विचार चालू आहे काय, प्रतिकूल उत्तर आल्यास त्या दिवशी सोबत कोण असेल, असे प्रश्न ती एकेक करून पुढे ठेवते. मग तरुणीची इच्छा असल्यास तिला आनुवंशिकी चिकित्सालयाची वाट दाखविते. चाचणीविषयीचे आंतरराष्ट्रीय संकेत 1994 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार चाचणी सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेनेच करावयाची असते. तिच्यापूर्वी समुपदेशन होते. आणि निकाल तयार झाल्यावरही तो न ऐकता परत जाण्याची मोकळीक असते. ब्रिटनमध्ये धोका असलेल्या प्रौढांपैकी पाचांत एकाहूनही कमी लोक ही चाचणी करून घेतात. यास भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्यावर उपाय नाही ते आधीच कळावे की न कळावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.

घरातील प्रश्न

इंग्लंड व वेल्समध्ये या विकाराने पीडित कुटुंबांसाठी 1971 साली एक संस्था स्थापन झाली. तिचे सल्लागार दूरध्वनीवरून मार्गदर्शन करतात आणि आवश्यक तेथे डॉक्टर, समाजसेवा विभाग व शुश्रूषागृहे यांच्याशी संपर्क साधून देतात.

त्यांच्याकडे येणारे प्रश्न केवळ चाचणीचे नसतात. "माझे यजमान काही विचारले तरी उत्तरच देत नाहीत," अशी एखाद्या पत्नीची तक्रार असते. विकारामुळे उत्तर जुळविण्यास वेळ लागतो. म्हणून एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि थांबावे, असे सल्लागार सुचवितो. "त्यांना आपला आजारच मान्य नाही," असे कोणी म्हणते. हा हट्ट नव्हे; स्वतःतील बदल ओळखण्याची शक्तीच मेंदूच्या बिघाडाने क्षीण होऊ शकते. वजन झपाट्याने उतरत असल्यास अधिक पौष्टिक व गिळण्यास सोपा आहार द्यावा. ठसका लागू लागल्यास गिळण्याच्या तज्ज्ञाकडून तपासणी करवावी. दिनक्रम ठरावीक ठेवल्यास चिडचिड पुष्कळ कमी होते. ही माहिती साधी आहे. परंतु पतीचा राग म्हणजे पतीचे मन नव्हे, हे ज्या पत्नीस उमगते, तिच्या घरातील वातावरण त्या दिवसापासून पालटू लागते.

विम्यासंबंधीही विचारणा होते. ब्रिटनमध्ये 2018 च्या नियमावलीनुसार, लक्षणे नसताना केलेल्या या चाचणीचा निकाल केवळ 5 लाख पौंडांहून अधिक रकमेच्या जीवनविम्यासाठीच विमा कंपनी विचारू शकते. अशी निश्चित माहिती हाती असली की निष्कारण भीतीला जागा राहत नाही.

मर्यादा आणि आशा

सल्लागार रोगनिदान करीत नाही, औषध देत नाही. 2025 साली जनुकोपचाराच्या एका प्रयोगाचे आशादायक निष्कर्ष जाहीर झाले. अशा वार्तेनंतर विचारणाऱ्याची आशा विझू न देणे आणि तिला अवास्तव फुंकरही न घालणे, ही सल्लागाराची खरी कसोटी होय.

हा विकार भारतातही आढळतो. बंगळूर येथील 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेत त्यावर अभ्यास चालतो. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सेवेच्या 14416 या क्रमांकावर मानसिक ताणाविषयी मराठीतूनही बोलता येते. ती या एका विकारासाठी नसली, तरी अशा घरातील शिणलेल्या माणसास तिचा आधार घेता येईल. आपल्याकडे विवाह जुळविताना घराण्यातील आजार लपविण्याची वृत्ती आढळते. जो आजार लपविला जातो, त्याविषयी कोणी विचारू शकत नाही. आणि ज्याविषयी विचारता येत नाही, त्याचे ओझे प्रत्येकास एकट्यानेच वाहावे लागते.

जनुकातील तीन अक्षरे किती वेळा आली, हे यंत्र मोजून सांगते. तो आकडा ऐकावयाचा की नाही, आणि ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कसे उठावयाचे, हे मात्र माणसाला माणसाशी बोलूनच ठरवावे लागते. त्या संभाषणासाठी दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला जाणते व धीराचे कोणी असणे, हाही या विकारावरील उपचाराचाच एक भाग होय.