जैविक घड्याळाचे सूक्ष्म नियंत्रक
जैविक घड्याळाच्या यंत्रणेच्या शोधासाठी २०१७ चे, तर सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या दोन शोधांचा परस्परसंबंध महत्त्वाचा आहे. घड्याळातील प्रथिने स्वतःच्याच निर्मितीस आवर घालतात व त्यातून सुमारे २४ तासांचे चक्र साकारते. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे सूक्ष्म आरएनए संदेशवाहक आरएनएशी जोडले जाऊन प्रथिननिर्मिती मर्यादित करतात. २००७ मध्ये उंदरांवरील संशोधनातून स्पष्ट झाले की, मेंदूतील ‘मिर-२१९’चे कार्य रोखल्यास चक्र लांबते, तर प्रकाशामुळे वाढणारा ‘मिर-१३२’ त्याच प्रकाशाने होणाऱ्या घड्याळाच्या फेरजुळणीवर मर्यादा घालतो. रात्रपाळीच्या कामगारांत हीच जुळणी विस्कळीत होते. म्हणूनच हे संशोधन सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही मोलाचे ठरते.