पोट लहान करायचे की अन्नाची वाट बदलायची?

समजा, दोन मैत्रिणी आहेत. दोघींचे वय ४५, उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन १०० किलो. म्हणजे बीएमआय साधारण ४०. डाएट, चालणे, औषधे असे सगळे करून झाले आणि डॉक्टरांनी दोघींनाही वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजेच बॅरिअॅट्रिक सर्जरीचा सल्ला दिला. पहिलीचे गुडघे दुखतात, त्यासाठी ती जवळजवळ रोज वेदनाशामक गोळी घेते. दुसरीला चार-पाच वर्षांपासून मधुमेह आहे आणि रात्री आडवे पडले की घशाशी आंबट येते. वजनकाट्यावर दोघी सारख्या असल्या, तरी एकीला योग्य ठरणारी शस्त्रक्रिया दुसरीला त्रासाची ठरू शकते.

दोन पद्धती, दोन परिणाम

सध्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या पद्धती दोन. पहिली ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. थोडक्या अन्नाने पोट भरते. शिवाय भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही कमी होते. आतड्याला हात लावला जात नाही. मात्र काढलेले जठर परत बसवता येत नाही.

दुसरी ‘गॅस्ट्रिक बायपास’. यात जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न तिकडे जात नाही. अन्नाची वाट बदलल्याने आतड्यातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि वजन फारसे उतरण्याआधीच अनेकांची रक्तातील साखर सुधारू लागते. भारतात ‘मिनी बायपास’ही बराच केला जातो. त्यात जोड एकच असतो. पण पित्त वर येण्याचा त्रास काहींना होतो.

वजनापेक्षा जळजळ महत्त्वाची

‘जास्त वजन कशाने उतरते?’ हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिरिक्त वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४४ टक्के, तर बायपासने सुमारे ५२ टक्के वजन कमी झाले होते. मोठा फरक दिसला तो अन्ननलिकेत. तिला आलेली सूज स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांमध्ये आढळली, बायपासच्या फक्त ७ टक्के रुग्णांमध्ये.

आपल्याकडे मात्र अॅसिडिटी कोणी आजारात धरत नाही. सोडा किंवा एखादी गोळी घेतली की विषय संपतो आणि डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. नेमकी हीच तक्रार निवड फिरवू शकते. स्लीव्हनंतर जळजळ वाढून असह्य झाली, तर पुढे बायपास करावा लागतो. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया. म्हणून आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिका पाहून घेणे शहाणपणाचे.

बायपासची किंमत

मग सर्वांनी बायपासच करावा का? तसेही नाही. बायपासनंतर लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ब-१२ यांचे शोषण कमी होते. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता आधीच सर्रास आढळते, तिथे ही बाब अधिक गंभीर. स्लीव्हनंतरही पूरक गोळ्या आणि रक्ततपासण्या लागतातच. बायपासमध्ये हयगय अधिक महागात पडते. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब असा त्रास काहींना होतो. नव्या जोडावर व्रण होण्याचा धोका धूम्रपानाने आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी वाढतो. काही वर्षांनीही आतडे आत अडकू शकते. त्यामुळे अचानक पोटात जोराने दुखू लागले, तर घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठायला हवे.

आता त्या दोन मैत्रिणींकडे पुन्हा पाहू. मधुमेह आणि जळजळ असलेल्या मैत्रिणीसाठी कल बायपासकडे झुकतो. गुडघ्यांसाठी सतत गोळ्या घेणाऱ्या, पण जळजळ नसलेल्या मैत्रिणीला स्लीव्ह अधिक सोयीची ठरू शकते. अंतिम निर्णय अर्थातच तपासण्यांनंतर सर्जनसोबतच घ्यायचा.

त्या भेटीला जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. अॅसिडिटीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्याही त्यात हव्यात. तंबाखू, विडी-सिगारेट लपवू नये. आणि ‘किती किलो उतरतील?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : दहा वर्षांनंतर मला रोज काय घ्यावे लागेल आणि काय सांभाळावे लागेल?